समाधान, पैसा आणि ख्रिस्ती घर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये पैशाबद्दल मोकळेपणाने बोललं जात नाही. उपासनेत दानाची थैली फिरते, वर्षातून एकदा दशांशावर, म्हणजे मिळकतीचा दहावा हिस्सा देण्यावर, संदेश होतो. पण हप्ता थकलाय, वाटणीवरून भावाशी बोलणं बंद आहे, मुलीच्या लग्नासाठी कर्ज काढलंय, हे सगळं देवळाच्या फाटकापाशी हळू आवाजात विचारलं जातं. मंडळीतल्या नव्या जोडप्यांबरोबर मी घरखर्चाचा हिशोब मांडायला बसतो, त्यामुळे हे प्रश्न माझ्याकडे सतत येतात. ते इथे शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत दिले आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. चांगली वस्तू घेतली की लगेच चंगळवाद होतो का?

नाही. देवाने निर्माण केलेलं सगळं चांगलं आहे हे पवित्र शास्त्राच्या पहिल्याच अध्यायात आहे. पौलही तीमथ्याला लिहितो की उपकारस्तुती करून घेतलं तर त्यातलं काहीच टाकाऊ नाही (१ तीमथ्य ४:४). मऊ गादी, चांगले बूट, पावसात कोरडं ऑफिसला पोचवणारी गाडी, यांत पाप शोधू नये.

वस्तूकडून आपण काय मागतो ते बघावं. सोय मागितली तर ती सोय देते. पण तिने मला मान मिळवून द्यावा, माझी भीती घालवावी, मी कोणीतरी आहे हे सोसायटीत दिसावं, असं मागायला लागलो की ते तिला झेपत नाही. मग पुढची वस्तू आणावी लागते आणि तिलाही तेच मागितलं जातं. कलस्सैकरांस पत्रात (३:५) लोभाला सरळ मूर्तिपूजा म्हटलंय ते यामुळेच. जे देवाकडे मागायचं ते आपण शोरूममध्ये मागत असतो.

२. ‘पैसा सगळ्या वाइटाचं मूळ’ असं बायबलमध्येच आहे ना?

ते वचन बहुतेकांना अर्धंच पाठ असतं. ‘द्रव्याचा लोभ सर्व प्रकारच्या वाइटाचे एक मूळ आहे’ असं १ तीमथ्य ६:१० मध्ये आहे. लोभ रोजंदारीवरच्या माणसालाही असतो, आणि एखाद्या सधन माणसाला नसतोही. योहान्ना, सुसान्ना आणि इतर स्त्रिया स्वतःच्या पैशातून येशूची आणि शिष्यांची सोय बघत होत्या (लूक ८:३). अरिमथाईकर योसेफ श्रीमंत होता आणि प्रभूचं शरीर त्याच्याच कबरेत ठेवलं गेलं. जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणाऱ्या लुदियाच्या घरी फिलिप्पैची मंडळी जमायची.

तरी एवढ्यावर निश्चिंत होऊ नका. येशू पैशाला नुसतं साधन म्हणत नाही, धनी म्हणतो. देवाची आणि धनाची सेवा एकाच वेळी करता येत नाही, असं तो ठामपणे सांगतो (मत्तय ६:२४).

३. उंट सुईच्या नाकातून जाणं सोपं, हे वचन आपल्यालाही लागू आहे का? आम्ही तर साधे नोकरदार.

श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नाकातून जाणं सोपं, असं ते वचन आहे. आपल्याला श्रीमंत म्हणजे नेहमी आपल्याहून एक पायरी वरचा माणूस वाटतो. हडपसरच्या वन बीएचकेवाल्याला मगरपट्ट्यातला श्रीमंत वाटतो, मगरपट्ट्यातल्याला कोरेगाव पार्कातला. या हिशोबाने ते वचन कोणालाच लागू होणार नाही. म्हणून ते स्वतःला लागू आहे असं धरूनच वाचावं.

जेरुसलेमला ‘सुईचं नाक’ नावाचा एक बुटका दरवाजा होता आणि उंट गुडघे टेकून त्यातून जायचा, असं अनेक संदेशांत ऐकायला मिळतं. येशूच्या काळात तिथे असा दरवाजा होता याला पुरावा नाही. प्रभूने अशक्य गोष्टच सांगितली होती, म्हणून तर शिष्य थक्क झाले. मग तो म्हणाला की माणसांना हे अशक्य आहे, देवाला नाही (मार्क १०:२७).

ज्या श्रीमंत तरुणावरून हे वचन निघालं त्याला येशूने सगळं विकायला सांगितलं. जक्कय या श्रीमंत जकातदाराला तसं सांगितलं नाही. येशू त्याच्या घरी उतरला तेव्हा जक्कयाने आपणहून अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ केली आणि फसवून घेतलेलं चौपट परत करायचं कबूल केलं (लूक १९). दोघांना एकच हिशोब लावला नाही, पण दोघांच्याही तिजोरीला हात घातला.

४. समाधान हा स्वभाव असतो का? माझ्या सासूबाई जन्मतःच समाधानी आहेत, मी नाही.

काहींचा स्वभाव शांत असतो आणि त्यांना हे सोपं जातं. पण पौलाचा स्वभाव शांत होता असं कोणी म्हणणार नाही. ज्या स्थितीत आहे तिच्यात तृप्त राहायला मी शिकलो आहे, असं तो लिहितो (फिलिप्पैकरांस ४:११). तो बेड्यांत असताना हे लिहितोय. तृप्त असण्याचा प्रसंग आणि उपाशी असण्याचा प्रसंग दोन्ही त्याने पाहिलेत.

याच्या दोनच ओळी पुढे ‘मला जो सामर्थ्य देतो त्याच्या जोरावर मी सर्वकाही करू शकतो’ हे वचन येतं. आपण ते परीक्षेच्या आदल्या दिवशी मुलांना देतो, इंटरव्ह्यूला जाताना स्टेटसला ठेवतो. पौल तिथे उपाशीपोटीही देवाजवळ टिकून राहण्याबद्दल बोलतोय. त्या काळचे स्टोइक विचारवंतही समाधान शिकवत, पण त्यांचा भर माणसाने स्वतःच्या बळावर पुरेसं असण्यावर होता. पौलाला बळ ख्रिस्ताकडून येतं. शिवाय एपफ्रदीताच्या हाती फिलिप्पैकरांनी पाठवलेली मदत तो मोकळेपणाने घेतो आणि तिच्याबद्दल आभारही मानतो. ख्रिस्ती समाधान म्हणजे ‘मला कोणाची गरज नाही’ असा ताठा नव्हे.

शिकायचं कसं, यासाठी प्रश्न १६ पाहा.

५. ‘ठेविले अनंते तैसेचि राहावे’ हे आपल्याकडे तुकोबांनी सांगितलंच आहे. ख्रिस्ती माणूस वेगळं काय सांगतो?

देहूपासून तासाभराच्या अंतरावर राहून हा प्रश्न पडला नसता तरच नवल. आधी तुकोबांवर अन्याय होऊ नये म्हणून सांगतो: ही ओळ हातावर हात ठेवून बसायला सांगत नाही. ‘जोडोनिया धन उत्तम वेव्हारें’ हेही त्यांचंच, आणि ते धन उदास विचाराने खर्च करायलाही त्यांनीच सांगितलं. आपल्या वाट्याची कर्जखतं त्यांनी इंद्रायणीत सोडून दिली असं सांगतात. आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो, असं रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) म्हणत. आयुष्याच्या शेवटी त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि १९१७ मध्ये साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा संघ सुरू केला.

ख्रिस्ती समाधानाचा पाया एका घटनेवर आहे. तो धनवान असता तुमच्याकरता दरिद्री झाला, असं २ करिंथकरांस ८:९ सांगतं. पौल हे लिहितो ते वर्गणी गोळा करताना, यरुशलेमेतल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी. पुढच्याच ओळींत तो म्हणतो की तुमच्या विपुलतेतून त्यांची गरज भागावी, म्हणजे समानता होईल. माझं समाधान आणि शेजाऱ्याची गरज, या दोन गोष्टी पौल कधीच सुट्या करत नाही.

६. समाधानी राहायचं तर प्रमोशन मागायचं नाही का? मी हिंजवडीत काम करतो, तिथे न मागणारा मागेच राहतो.

मागा. गुलाम असलेल्यालाही पौल सांगतो की मोकळं होता येत असेल तर ती संधी घे (१ करिंथकरांस ७:२१). रुपयांच्या दाखल्यात (मत्तय २५) जमिनीत पैसे पुरून ठेवणाऱ्याला शाबासकी मिळत नाही.

स्वतःला तपासायला दोन प्रश्न पुरतात. प्रमोशन नाही मिळालं तर माझी झोप, माझी प्रार्थना आणि घरच्यांशी माझं बोलणं शाबूत राहील का? आणि ते मिळालं तर वाढलेल्या पैशाचं काय करायचं हे आधी ठरलंय का? दुसरा प्रश्न फार कोणी विचारत नाही. पगार वाढतो, त्याच महिन्यात खर्चही वाढतो आणि देण्याचा आकडा तिथेच राहतो. मेथडिस्ट चळवळीचे जॉन वेस्ली यांनी ऑक्सफर्डमधल्या एकाचा हिशोब दिला आहे, आणि तो त्यांचा स्वतःचाच असावा असं मानलं जातं. वर्षाला ३० पौंड मिळाले तेव्हा २८ मध्ये भागवलं आणि २ दिले. मिळकत ६० झाली तरी खर्च २८ च, ३२ दिले. मग ९०, मग १२०, आणि खर्च तोच २८. पुण्यात घरभाडं आणि शाळेची फी दरवर्षी वाढत असताना हे तंतोतंत जमणार नाही. पण खर्चाची रेघ पगार येण्याआधी आखायची, एवढं आपल्यालाही जमू शकतं.

७. गरिबांना ‘आहे त्यात समाधान मानावं’ म्हणणं हा अन्याय नाही का?

आहे. या पानावर मला सगळ्यात कळकळीने काही सांगायचं असेल तर ते हेच.

समाधानाची वचनं प्रत्येकाने स्वतःपुढे धरायची आहेत. दुसऱ्याच्या तुटपुंज्या पगारावर ठेवायला ती दिलेली नाहीत. घरकामाला येणाऱ्या ताई दोनशे रुपये वाढवून मागतात तेव्हा ‘हल्ली कोणालाच समाधान नाही’ असं म्हणणाऱ्याच्या हातात त्याच दिवशी आलेल्या ऑनलाइन पार्सलची पेटी असते. दोनशे रुपयांवर घासाघीस होते आणि पेटी उघडताना किंमत आठवतही नाही. याकोब अशा घराशी फार कठोर बोलतो: ज्या मजुरांची मजुरी तुम्ही अडकवून ठेवलीत ती ओरडत आहे आणि ती हाक सेनाधीश परमेश्वराच्या कानी गेली आहे (याकोब ५:४). मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्यावी असं अनुवाद २४:१५ सांगतं. शेताच्या कडेचं पीक कापू नये, ते गरिबासाठी आणि परक्यासाठी सोडावं असं लेवीय १९ सांगतं. हे दयेचे सल्ले नव्हते, नियमशास्त्र होतं.

आपला स्वतःचा इतिहासही आठवावा. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती कुटुंबांपैकी कितीतरी जणांचे आजे-पणजे गावकुसाबाहेरचे होते, दुष्काळातून वाचलेले होते. १८९६–९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना, बालविधवांना घेऊन आल्या. पुढे पुणे जिल्ह्यात केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. तिथे मुलींना शिक्षण मिळालं आणि विणकाम, छपाई, शेती अशी पोट भरण्याची कामंही. रमाबाई स्वतः अगदी साधेपणाने राहिल्या. समाधान त्यांनी स्वतःला लावून घेतलं. त्या मुलींना मात्र त्यांनी कौशल्य, अन्न आणि छप्पर दिलं.

म्हणून कंत्राटी कामगाराने किमान वेतन मागणं, संघटना करणं, थकलेला पगार मिळवायला दाद मागणं, यातलं काहीही समाधानाच्या विरोधात जात नाही. असं मागणाऱ्या माणसाच्या मनातही समाधान असू शकतं. ती मागणी दाबणाऱ्याला मात्र ते मिळणं अवघड आहे.

८. घरासाठी कर्ज काढणं चुकीचं आहे का? पुण्यात रोखीने घर कोण घेऊ शकतं?

कर्जाला बंदी नाही, सावधगिरीचा इशारा आहे. कर्ज घेणारा सावकाराचा दास होतो, असं नीतिसूत्रे २२:७ मध्ये आहे. बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा हिशोब करावा, असं येशू म्हणतो (लूक १४:२८). तिथला मूळ विषय शिष्यत्वाचा आहे, पण उदाहरण सगळ्यांना पटेल असंच त्याने घेतलं.

एक कागद डोळ्यांसमोर आणा (आकडे उदाहरणादाखल आहेत). नवराबायकोच्या हातात महिन्याला मिळून १,१०,००० रुपये येतात. वाघोलीच्या टू बीएचकेचा हप्ता ४२,०००. गाडीचा १४,०००. दोघांचे मोबाइल हप्त्यावर, ५,५००. लग्नाच्या वेळच्या पर्सनल लोनचे ९,५००. क्रेडिट कार्डाचं ‘मिनिमम ड्यू’ ६,०००. बेरीज ७७,०००. उरलेल्या ३३,००० मध्ये किराणा, शाळा, पेट्रोल, मेंटेनन्स, गावी आईवडिलांना पाठवायचे पैसे, औषधं. दान शून्य.

या कागदावर घराच्या ओळीपाशी थांबू नका. राहायला छप्पर लागतंच. शेवटची ओळ बघा. कार्डावर थकलेल्या रकमेला महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, म्हणजे वर्षाला चाळीसच्या घरात. मिनिमम भरत राहिलं की मुद्दल जवळपास हलतच नाही. आधी ते कार्ड संपवा, मग पर्सनल लोन. ते फिटेपर्यंत नवा हप्ता सुरू करू नका, शोरूमने ‘नो कॉस्ट’ म्हटलं तरीही. आणि पुढच्या घराचा विचार करताना बँक किती कर्ज देईल हे शेवटी विचारा. आपल्याला महिन्याला किती झेपेल आणि किती द्यायचंय, हे आधी ठरवा.

९. बचत, विमा, एसआयपी हे देवावरच्या अविश्वासाचं लक्षण आहे का?

नाही. योसेफाने सुकाळाच्या ७ वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा राखून ठेवायला सांगितला आणि दुष्काळात अख्खा मिसर देश जगला (उत्पत्ती ४१). मुंगीकडून शिका असं नीतिसूत्रे म्हणतात. घरातल्या कमावत्या माणसाचा टर्म विमा हा तर कुटुंबावरचं प्रेम दाखवण्याचा फार सरळ मार्ग आहे.

लूक १२ मधल्या मूर्ख श्रीमंताने साठवलं म्हणून त्याला मूर्ख म्हटलेलं नाही. त्याचे शब्द वाचा: माझी कोठारं, माझं धान्य, माझा जीव. त्या गोष्टीत दुसरं माणूसच नाही. अरण्यात मान्ना, म्हणजे देवाने रोज पुरवलेलं अन्न, दुसऱ्या दिवसासाठी ठेवला तर त्यात किडे पडत, पण शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट गोळा करायला देवानेच सांगितलं होतं (निर्गम १६). बचत कशासाठी आहे याचं उत्तर एका वाक्यात देता आलं पाहिजे. आजारपण, म्हातारपण, मुलांचं शिक्षण, कोणाची अडचण, ही उत्तरं झाली. ‘अजून थोडं असावं’ हे उत्तर नव्हे.

१०. सोनं घ्यावं का? मंडळीत काहीजण दागिन्यांना नावं ठेवतात.

१ पेत्र ३:३ आणि १ तीमथ्य २:९ ही वचनं दिखाऊपणाविरुद्ध आहेत. लक्ष्मी रोडच्या पेढीवर एखादी बाई भिशीचे पैसे जमवून एक तोळ्याची बांगडी घेते तेव्हा तिच्या नावावर कदाचित तेवढंच असतं. घर नवऱ्याच्या नावावर, खातं नवऱ्याचं. तिच्या बांगडीवर बोट ठेवण्याआधी मंडळीतल्या पुरुषांनी घराच्या कागदावर तिचं नाव आहे का ते बघावं.

लग्नात किती तोळे घातले याची कुजबुज होते तिथे मात्र ही वचनं पूर्ण जोराने लागू होतात.

११. लग्न आणि नाताळ साधेपणाने करायचं म्हणजे आनंदच करायचा नाही का?

कानाच्या लग्नात येशूने सहा दगडी रांजण भरून द्राक्षारस केला (योहान २). हिशोब केला तर तो कित्येक शे लिटर होतो. आनंदाच्या बाबतीत प्रभू कंजूष नव्हता. नाताळाला घरी केक करा, करंज्या करा, तारा लावा, शेजारच्यांना फराळ द्या.

माझं म्हणणं दोनच गोष्टींपुरतं आहे. लग्नासाठी कर्ज काढू नये. कार्यालय, डेकोरेशन आणि चारशे पानांचा खर्च एका संध्याकाळी संपतो आणि हप्ता पहिलं मूल शाळेत जाईपर्यंत चालतो. आणि हुंडा, मग त्याला ‘हौसेने दिलं’ म्हणा नाहीतर ‘मुलीसाठीच आहे’ म्हणा, घेऊ नये आणि देऊ नये. १९६१ पासून तो कायद्याने गुन्हा आहे. त्याच लग्नात पाळक आशीर्वाद देतात, म्हणून पाळकांनीही आधी विचारावं.

१२. दशांश पूर्ण पगारावर द्यायचा की हातात येणाऱ्या? कर्ज असताना द्यायचा का?

नव्या करारात मंडळीला टक्का ठरवून दिलेला नाही. ज्याने त्याने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, कुरकुरत किंवा भाग पडतं म्हणून देऊ नये (२ करिंथकरांस ९:७). दहावा हिस्सा ही सुरुवात म्हणून चांगली सवय आहे, आणि सधन घरासाठी तेवढ्यावर थांबणं कमीच आहे. पूर्ण की हातातला, यावर मी वाद घालत नाही. मोजायची पद्धत शोधताना न्याय, दया आणि विश्वास विसरू नयेत, असं प्रभूने परुश्यांना बजावलंय (मत्तय २३:२३).

कर्ज असेल तर लहान रक्कम द्या, पण हात पूर्ण बंद करू नका. अपवाद हा: आईवडिलांच्या औषधाचे पैसे थांबवून मंडळीला दान देणं प्रभूला मान्य नाही. ‘कुर्बान’, म्हणजे ‘हे देवाला वाहिलंय’, असं म्हणून आईबापांचं टाळणाऱ्यांना त्याने स्पष्ट फटकारलंय (मार्क ७:९–१३). आणि जुन्या करारात दर तिसऱ्या वर्षीचा दशांश परका, अनाथ आणि विधवा यांच्या पोटासाठी होता (अनुवाद १४:२८–२९), हे दशांश आणायला सांगणाऱ्या मलाखीच्या तिसऱ्या अध्यायावर संदेश देताना सहसा सांगितलं जात नाही.

१३. ‘बी पेरा, देव शंभरपट देईल’ असं एका सभेत सांगितलं. मी कर्ज काढून पैसे दिले. आता काय?

आधी हे ऐका: पैसे परत आले नाहीत म्हणून तुमचा विश्वास कमी ठरत नाही. पौल भुकेला राहिला, उघडा राहिला, थंडीत राहिला (२ करिंथकरांस ११:२७). मनुष्याच्या पुत्राला डोकं टेकायलाही जागा नव्हती. कर्ज काढून दान द्यायला सांगणारं एकही वचन नाही. उलट, जवळ जे आहे त्यातून दिलेलं मान्य होतं, जे नाही त्यातून नव्हे, असं पौल लिहितो (२ करिंथकरांस ८:१२).

पैसे मागता येत असतील तर परत मागा, लाजू नका. मग घरच्यांना सगळा आकडा सांगा आणि प्रश्न ८ मधल्यासारखा कागद मांडा. जो उपदेशक गरिबाच्या खिशातून स्वतःची भरभराट करतो त्याच्यापुढे येशूने विधवांची घरं गिळणाऱ्यांबद्दल काढलेले शब्द वाचावेत (लूक २०:४७).

१४. भावाने वडिलांच्या घराची वाटणी अडवली आहे. ख्रिस्ती म्हणून मी सोडून द्यावं का?

लूक १२ मधला मूर्ख श्रीमंताचा दाखला सुरूच मुळी अशा तक्रारीने होतो: गुरुजी, माझ्या भावाला वाटणी द्यायला सांगा. येशू न्यायाधीश व्हायला नकार देतो आणि लोभापासून सांभाळा असं सांगतो. ते दोन्ही भावांना लागू होतं, अडवणाऱ्यालाही आणि मागणाऱ्यालाही.

स्वतःचा हक्क प्रेमाने सोडणं ही ख्रिस्ती शक्यता आहे. अन्याय का सोसत नाही, असं पौल करिंथकरांना विचारतोही (१ करिंथकरांस ६:७). पण सोडायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं. ‘तू ख्रिस्ती आहेस ना, मग सोड’ असं दुसऱ्याने म्हणायचं नसतं. बहिणींच्या बाबतीत हे सर्रास होतं. भारतीय वारसा कायदा, १९२५ प्रमाणे ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता गेला तर पत्नीला एक तृतीयांश आणि उरलेलं मुलगे-मुलींना समान मिळतं. बहिणीला हक्कसोडपत्रावर सही करायला सांगताना समाधानाची वचनं वाचून दाखवणं हा वचनाचा गैरवापर आहे. प्रश्न ७ इथे घराच्या आतही लागू होतो.

आधी मंडळीतल्या दोन वडीलधाऱ्यांसमोर बसा, मग वकिलाकडे जा. आणि ज्यांना मालमत्ता आहे त्यांनी आज मृत्युपत्र करावं. मुलांमधली कितीतरी भांडणं तेवढ्याने टळतील.

१५. मंडळीत देणगीदारांची नावं जाहीर करावीत का?

हार्वेस्टच्या, म्हणजे पिकाबद्दलच्या उपकारस्तुतीच्या, रविवारी देवळासमोर लिलाव होतो तेव्हा बघा. कोणीतरी परसातला भोपळा आणलेला असतो. बोली शंभरावरून सुरू होते, पाचशेवर जाते, घेणारा तो भोपळा पुन्हा मंडळीलाच देतो आणि तोच भोपळा दुसऱ्यांदा लिलावाला येतो. सगळे हसतात, टाळ्या पडतात, पैसे चांगल्या कामाला जातात. हे मला मनापासून आवडतं. पण त्याच अंगणात एक आजी शंभराची घडी केलेली नोट बोलीशिवाय पेटीत टाकते आणि तिच्याकडे कोणाचं लक्ष नसतं. येशू मंदिराच्या भांडारासमोर बसून नेमकं तिच्यासारख्या बाईकडे बघत होता (मार्क १२:४१–४४).

लिलाव चालू ठेवा. फलकावर नाव आणि रक्कम कोरणं थांबवा. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये (मत्तय ६:३). हिशोब मात्र पै न पै उघड असावा, तो वेगळा विषय आहे.

१६. समाधान शिकायचं तर सुरुवात कुठून करू?

तीन महिने खर्च लिहा, दोघांनी मिळून. मग पगाराच्या दिवशी दान आधी बाजूला काढा. घरातल्या कपाटातून एक चांगली, वापरात असलेली वस्तू कोणाला तरी द्या, जुनी नव्हे. चौथ्या शतकातले संत बेसिल म्हणत की कपाटात ठेवलेला अंगरखा उघड्या माणसाचा आहे. दर रविवारी घरी एक तरी माणूस जेवायला बोलवा, शक्यतो ज्याला परत बोलावणं शक्य नाही असं (लूक १४:१३–१४). शॉपिंग अ‍ॅपच्या सूचना बंद करा. शेजाऱ्याचं घर, बैल, गाढव यांचा लोभ धरू नको ही दहावी आज्ञा आज हातातल्या पडद्यावर रोज मोडली जाते.

मुलांसाठी वेगळा उपाय नाही. ‘आपल्याला परवडत नाही’ हे खरं असेल तेव्हा शांतपणे सांगा. परवडत असूनही घेत नसाल तर तेही कारणासकट सांगा. दिलेलं त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहू द्या.

१७. सगळं आहे, देतोही, तरी मन रितंच वाटतं. माझ्या विश्वासात काही कमी आहे का?

रितेपणा नेहमी लोभातून येत नाही. एलीया झुडपाखाली बसून मरण मागत होता तेव्हा देवाने त्याला रागावलं नाही. आधी झोपू दिलं, भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं (१ राजे १९). झोप उडालीय, भूक मेलीय, काहीच करावंसं वाटत नाही, आणि हे आठवडेच्या आठवडे चाललंय, तर डॉक्टरकडे जा, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. पाळकांनाही सांगा, पण ‘कृतज्ञ राहा’ एवढंच ऐकून परत येऊ नका. स्तोत्रसंहितेत तक्रारीची स्तोत्रं भरपूर आहेत आणि ती लिहिणारे देवाचेच लोक होते.

१८. मला साधं राहायचंय, पण नवऱ्याला (किंवा बायकोला) पटत नाही. एकटीने काय करू?

जोडीदाराला न सांगता सामाईक खात्यातून मोठं दान देऊ नका. त्याने घरात अविश्वास येतो, आणि उदारपणाचं नाव खराब होतं. स्वतःच्या वाट्याच्या खर्चापासून सुरू करा: तुमचे कपडे, तुमचा फोन, तुमचं बाहेरचं खाणं. बोलताना त्याच्या खर्चाची यादी काढू नका. वर्षातून एकदा, पगारवाढीच्या आधी, दोघांनी बसून एकच आकडा ठरवा: यंदा कितीपर्यंत वाढलं तरी आपला खर्च इतकाच. पहिल्या वर्षी तो आकडा तुम्हाला वाटतो त्यापेक्षा बराच मोठा असला तरी मान्य करा, कागदावर लिहा आणि पुढच्या वर्षी तोच कागद पुन्हा काढा.